तेंगीझ: गुडघाभर पाण्याचा समुद्र

दूरचा_माळ

नमस्कार मंडळी, हा धागा काढायचं खूप दिवस मनात होतं. कामानिमित्त दोन वर्षं कझाकस्तानात अस्तानाला होतो, तेव्हा तीन वेळा तेंगीझ सरोवरावर जाऊन आलो, दोनदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरात. कझाकस्तान म्हटलं की आपल्याकडे अल्माटीचे बर्फाचे डोंगर एवढेच फोटो फिरतात, पण देशाचा प्रचंड मोठा भाग हा सपाट गवताळ माळ आहे, स्टेप म्हणतात तो, आणि त्या माळाच्या मधोमध हे सरोवर पसरलंय.

अस्तानाहून नैऋत्येला साधारण 130 किमीवर कोर्गाल्झिन नावाचं गाव आहे, तिथपर्यंत डांबरी रस्ता, पुढे माळावरच्या चाकोऱ्या. मी माणदेशातला, उघड्या माळाची सवय लहानपणापासून, पण आपल्या माळाला कुठंतरी टेकडी असते, बाभळ असते, लांब देवळाचा कळस दिसतो. इथं काहीच नाही, तासभर गाडी चालली तरी आपण जागचे हललो नाही असं वाटतं. मेच्या शेवटी कुसळीसारखं एक गवत फुलतं, त्याला रशियन भाषेत कोविल म्हणतात, त्याचे चंदेरी तुरे वाऱ्यावर लाटेसारखे वाकतात आणि अख्खा माळ वाहतोय असं दिसतं.

तेंगीझ या शब्दाचा कझाक भाषेत अर्थच समुद्र. पाणी भरपूर असलेल्या वर्षी सरोवर 1,500 चौरस किमीच्या वर पसरतं, म्हणजे आपली उजनी काठोकाठ भरली तरी तिच्या चौपटीहून जास्त. लांबी साधारण 75 किमी, रुंदी 40 किमीपर्यंत. आणि खोली? सगळ्यात खोल जागी सुद्धा 6–7 मीटर, आमच्या गावच्या विहिरीएवढी पण नाही! काठाकडे तर किती तरी आत चालत गेलं तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट सांगतो. लांबून पांढरी चमक दिसली, मला वाटलं आलं पाणी, ड्रायव्हरला थांबवलं आणि कॅमेरा घेऊन चालायला लागलो. तो मागून काहीतरी ओरडत होता, मला कळलं नाही. ती चमक पाण्याची नव्हती, मिठाची होती. पाणी मागे सरकल्यावर जो खारट पापुद्रा उरतो त्याला तिथं सोर म्हणतात, वरून फरशीसारखा कडक दिसतो आणि खाली काळा लोण्यासारखा चिखल. मांडीपर्यंत रुतलो. ड्रायव्हरने फळी टाकून बाहेर काढलं, तो साठीतला माणूस, बुटातला चिखल धुवायला त्याने स्वतःचं प्यायचं पाणी दिलं. मग त्याने हाताने दाखवलं की तू उभा आहेस तिथं काही वर्षांपूर्वी पाणी होतं आणि आता काठ पार तिकडे गेलाय, दिसतसुद्धा नव्हता.

तेव्हा मला हे सरोवर जरा समजायला लागलं. इतका सपाट तळ असला की पाण्याची पातळी वीतभर खाली गेली की काठ मैलभर मागे जातो. नकाशावर जी निळी आकृती असते ती एका वर्षाची असते, खरा तेंगीझ दरवर्षी वेगळा असतो.

बाकी पुढच्या प्रतिसादात लिहितो, मोबाईलवरून टाईप करतोय.

काटेसावर

वाचतेय. फोटो असतील तर नक्की टाका. एक प्रश्न, पाणी खारं का आहे? आजूबाजूला समुद्र नाही ना?

दूरचा_माळ

काटेसावर ताई, समुद्र हजारो किमी लांब आहे. कारण असं की या सरोवरात नद्या येतात पण त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. मुख्य नदी नुरा, ती जवळपास 980 किमी वाहत येते, आणि दक्षिणेकडून कुलानोत्पेस. नद्या येताना थोडं थोडं मीठ विरघळवून आणतात, पाणी उन्हाने वाफ होऊन उडतं आणि मीठ मागे राहतं, हजारो वर्षं हेच चाललंय. तिथं वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून साधारण 300 मिमी पडतो, माझ्या माणमध्ये सुद्धा याहून जास्त पडतो बघा, आणि उन्हाळ्यात वारा थांबत नाही, त्यामुळे उडणारं पाणी पडणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट असतं.

आणि नुरेचं पाणी बारमाही सारखं येत नाही. हिवाळ्यात सगळं गोठलेलं, उणे 30 तर नेहमीचंच, सरोवर एप्रिलपर्यंत बर्फाखाली. मग बर्फ वितळला की दोन-तीन आठवड्यांत लोंढा येतो, वर्षभराच्या पाण्याचा बहुतेक भाग त्या एका पुरात. तो पूर चांगला आला तर सरोवर फुगतं, बर्फ कमी पडला तर आटतं. आपला मान्सून जसा चार महिन्यांत वर्षाचा हिशोब ठरवतो तसा त्यांचा एप्रिल.

अजून एक गंमत म्हणजे नुरा थेट तेंगीझला मिळत नाही, आधी कोर्गाल्झिनच्या गोड्या पाण्याच्या तळ्यांमधून जाते. तिथं बोरूसारख्या उंच गवताचं, म्हणजे रीडचं, अक्षरशः जंगल आहे, होडीतून गेलं तर दोन्ही बाजूंना भिंती. म्हणजे एका बाजूला गोडं पाणी, मासे, बेडूक, बोरू, आणि तिथून थोड्या अंतरावर इतकं खारट पाणी की मासा जगत नाही. आणि हे दोन्ही शेजारी आहेत म्हणूनच तिथं एवढे प्रकारचे पक्षी येतात असं मला वाटतं, बोरूत घरटं करणारे वेगळे, चिखलात चोच खुपसणारे वेगळे, खाऱ्या पाण्यातले वेगळे.

उजनीकाठ

अप्रतिम धागा. मी भिगवणच्या बाजूचा, वीस वर्षं पक्षी बघतोय, तेंगीझचं नाव आम्ही कायम ऐकतो पण जाऊन आलेला माणूस पहिल्यांदा भेटला. आमच्याकडे हिवाळ्यात जे थापट्या, भुवई बदक, तुतवार वगैरे येतात त्यांच्यातले बरेच त्या पट्ट्यातून येतात. मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात तो सायबेरियापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलाय आणि तेंगीझ-कोर्गाल्झिन हे त्याच्यावरचं मोठं ठाणं. युनेस्कोने 2008 मध्ये नाउरझुम आणि कोर्गाल्झिन या दोन्ही राखीव क्षेत्रांना मिळून जागतिक वारसा केलं, सारीआर्का नावाने, कझाकस्तानातलं पहिलं नैसर्गिक वारसास्थळ ते.

उथळपणाबद्दल लिहिलंत ते एकदम पटलं. उजनी फुल्ल भरलेली असते तेव्हा पर्यटक येतात आणि विचारतात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, कुठायत. रोहितला खोल पाणी नकोच असतं! पाणी उतरलं, दलदल उघडी पडली की मगच ते येतात, आमच्याकडे गाळपेर सुरू होते त्या सुमाराला. लोकांना भरलेलं धरण म्हणजे चांगलं धरण वाटतं, पक्ष्याचा हिशोब वेगळा.

शिवडीकर

मला एक सांगा, आमच्या शिवडीला आणि नव्या मुंबईला जे फ्लेमिंगो येतात ते याच सरोवरातून येतात का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी मेसेज येतो की हे सायबेरियातून येतात.

उजनीकाठ

नाही हो शिवडीकर. ठाणे खाडीत जे येतात त्यात मोठी संख्या लेसर म्हणजे लहान रोहितची, ते तेंगीझला नसतातच. आणि आपल्याकडचे दोन्ही प्रकार मुख्यतः गुजरातमधून येतात, कच्छच्या रणात त्यांची वसाहत आहे. बीएनएचएस या मुंबईच्या निसर्ग अभ्यास संस्थेने काही पक्ष्यांना सॅटेलाइट टॅग लावले ते पण मुंबईतून गुजरातकडेच गेले. सायबेरियाचा मेसेज पुढे पाठवू नका कृपया.

दूरचा_माळ

उजनीकाठ दादांनी सांगितलं ते बरोबर. तेंगीझचे रोहित हे ग्रेटर, मोठे रोहित, आणि थंडीत ते मुख्यतः कॅस्पियनच्या दक्षिण बाजूला, इराण-तुर्कमेनिस्तानकडे उतरतात.

पण त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. 50 अंश उत्तरेला रोहित! मोठ्या रोहितची जगातली सगळ्यात उत्तरेकडची नैसर्गिक वसाहत ही. हिवाळ्यात जिथं पाण्यावरून ट्रक जाईल एवढा बर्फ होतो तिथं हा पक्षी येतो कशाला असं मलाही वाटायचं. तर खाण्यासाठी. त्या खाऱ्या पाण्यात आर्टेमिया नावाची सेंटीमीटरभर कोळंबी असते, मासे नसल्यामुळे तिला खाणारं दुसरं कोणी फारसं नाही, उन्हाळ्यात पाणी तिच्याने तांबूस होतं. पिसांचा गुलाबी रंग पण त्या खाण्यातूनच येतो. सरोवर आटलं तर आर्टेमियाची अंडी सुक्या चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पाणी आलं की परत फुटतात. आपल्याकडे कोळंबीच्या हॅचरीत पिल्लांना खायला डब्यातून देतात ती हीच.

घरटं म्हणजे चिखलाचा उपडा घमेल्यासारखा ढीग, त्यावर एकच अंडं. आणि ते सरोवराच्या आतल्या सखल बेटांवर, कारण चारी बाजूंनी पाणी असलं की लांडगा, कोल्हा येऊ शकत नाही. आता इथं पाण्याचा खेळ बघा. पाणी फार वाढलं तर बेट बुडतं, अंडी गेली. पाणी फार उतरलं तर बेट काठाला जोडलं जातं आणि लांडगे चालत येतात. म्हणून वसाहत दरवर्षी एका जागी नसते, पक्षी त्या वर्षीचं पाणी बघून बेट निवडतात. तिथल्या एका रेंजरने मला सांगितलं की तुम्ही विचारता फ्लेमिंगो कुठे दिसतील, मी बर्फ वितळेपर्यंत सांगू शकत नाही.

मी मे मध्ये दुर्बिणीतून पाहिले, उष्णतेने हवा थरथरत होती आणि क्षितिजावर एक गुलाबी रेघ, बस एवढंच. जवळ जाऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे, एक बोट जरी घुसली तरी अख्खी वसाहत अंडी सोडून उठू शकते.

काटेसावर

किती सुंदर लिहिलंय. बाकी प्राणी काय काय दिसले?

दूरचा_माळ

पक्ष्यांची यादीच द्यायची तर साडेतीनशेच्या आसपास प्रजातींची नोंद आहे तिथं. मला जे मनात राहिलं ते सांगतो. डाल्मेशियन पेलिकन बोरूत घरटी करतात, डोक्यावर विस्कटलेले कुरळे केस असल्यासारखे दिसतात. पांढऱ्या डोक्याचं निळ्या चोचीचं बदक, जगभरात धोक्यात आहे, इथं पिल्लं काढतं. आणि काळा चंडोल, हा फक्त त्या स्टेपचा पक्षी, नर पूर्ण कोळशासारखा काळा, बर्फात सुद्धा तिथंच राहतो. एप्रिलच्या शेवटी गेलात तर रानटी ट्युलिप फुललेले असतात, लाल पिवळे, कोणी लावलेले नाहीत.

आणि सायगा. मेंढीएवढं हरीण, नाक हत्तीच्या सोंडेचं छोटं रूप असावं असं लोंबतं, उन्हाळ्यात त्यात धूळ गाळली जाते आणि हिवाळ्यात थंड हवा आत जाण्याआधी कोमट होते. शिंगं फक्त नराला, आणि ती चिनी औषधांसाठी विकली जातात म्हणून सोव्हिएत संघ फुटल्यावर इतकी शिकार झाली की 2003 च्या आसपास अख्ख्या कझाकस्तानात वीस-एकवीस हजारच उरले होते. मला सप्टेंबरात लांबवर धुळीचा लोट दिसला, ड्रायव्हर म्हणाला सायगा, मोजता येणार नाहीत एवढे होते, जमीन सरकतेय असं वाटत होतं.

गोठ्यातला_डॉक्टर

पशुवैद्य आहे म्हणून सायगावरून लिहितो. 2015 ला मे महिन्यात या प्राण्यांची जी मर झाली ती आमच्या क्षेत्रात खूप चर्चेत होती. तीन आठवड्यांत दोन लाखांहून जास्त सायगा मेले, बेटपाक-दाला म्हणतात त्या कळपातले जवळजवळ 88 टक्के. माद्या व्यायला एकत्र जमल्या होत्या आणि जागच्या जागी पडल्या, पिल्लं आईला चिकटलेली तशीच. शेवटी कारण निघालं पाश्चुरेला मल्टोसिडा. म्हणजे काय, तर आपला घटसर्प!

ज्यांच्या घरी म्हैस आहे त्यांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे पावसाळ्याआधी लस टोचतो तो हाच रोग, गळा सुजतो, घरघर लागते, सकाळी धडधाकट जनावर संध्याकाळी जातं. हा जंतू निरोगी जनावराच्या नाका-घशात असतोच, पण हवा दमट आणि उबदार झाली, अंगावर ताण आला की उलटतो. तिकडे पण त्या दिवसांत नेहमीपेक्षा दमट आणि उबदार हवा होती असं अभ्यासात आलंय. फरक एवढाच की रानातल्या दोन लाख हरणांना लस कोण टोचणार.

दूरचा_माळ

डॉक्टरसाहेब, हे घटसर्पाचं मला माहीतच नव्हतं, अंगावर काटा आला. आमच्या घरची म्हैस मी सातवीत असताना त्यानेच गेली होती.

पण सायगांची पुढची गोष्ट चांगली आहे. मादीला बहुतेक वेळा जुळं होतं त्यामुळे कळप भराभर सावरतो, शिकारीवर कडक बंदी आणि अल्तिन दाला नावाचा मोठा संवर्धन उपक्रम, त्यामुळे 2022 च्या मोजणीत 13 लाखांच्या वर गेले. डिसेंबर 2023 ला आययूसीएनने, म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांची जागतिक यादी ठेवणाऱ्या संस्थेने, त्यांना अतिसंकटग्रस्त यादीतून काढून थेट संकटसमीप मध्ये टाकलं. आता उलट शेतकरी तक्रार करतात की पीक तुडवतात, आपल्याकडे जसं रानडुक्कर आणि हरणांबद्दल चालतं तसं.

जाता जाता, ती दुसरी नदी कुलानोत्पेस, तिच्या नावाचा अर्थ जिथून कुलान पार होत नाही ती. कुलान म्हणजे रानगाढव, आपल्या कच्छच्या घुडखराचा भाऊबंद. नदीच्या नावात राहिलं आणि प्राणी तिथून कधीच गेला. 2017 पासून सरोवराच्या पश्चिमेला तोर्गाईच्या माळावर परत सोडायला सुरुवात केलीय.

करागांदाची_आई

माझी मुलगी करागांदाला एमबीबीएस करतेय म्हणून हा धागा उघडला. तिथं जवळच तेमिरताऊ म्हणून कारखान्यांचं शहर आहे आणि नुरा नदी तिथूनच जाते ना? मुलगी म्हणत होती की त्या नदीत पारा आहे म्हणून मासे खाऊ नका सांगतात. मग ते सगळं त्या सरोवरात जातं का?

दूरचा_माळ

ताई, तुमची मुलगी बरोबर सांगतेय. तेमिरताऊला कृत्रिम रबरासाठी लागणारं रसायन बनवताना पारा वापरायचे आणि 1950 पासून कित्येक दशकं तो सांडपाण्यातून नुरेत गेला. त्यातला बहुतेक पारा शहराच्या खालच्या पंचवीसेक किमीच्या पट्ट्यात गाळात आणि काठावरच्या मातीत अडकला, पुढे इंतुमाक धरण आहे. 2003 नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून ती माती काढून पुरण्याचं मोठं काम झालं. सरोवर तिथून खूप खाली आहे म्हणून त्या मानाने वाचलं, पण मोठा पूर आला की गाळ हलतो, त्यामुळे विषय कायमचा मिटला असं मी म्हणणार नाही.

मला मात्र पाऱ्याइतकीच काळजी पाण्याची वाटते. नुरेच्या काठी कारखाने आहेत, शहरं आहेत, शेती आहे आणि सगळ्यांना तिचंच पाणी हवंय. सरोवर सगळ्यात शेवटी. टेलएंडचा शेतकरी काय असतो ते कॅनॉलवर शेती असणाऱ्याला विचारा, वरचे सगळे भिजवून उरलं तर त्याला. तेंगीझ हा नुरेचा टेलएंडवाला आहे. आणि वर्षभर थोडं थोडं पाणी सोडून त्याचं भागत नाही, त्याला एप्रिलचा पूरच लागतो, तो आला तर बेटं वेगळी होतात, बोरू भिजतो, मीठ पातळ होतं. कोणी भलेपणाने म्हणेल की बांध घालून पातळी कायम एकसारखी ठेवू या, तर तेही चालणार नाही, कारण वर-खाली होणं हेच त्याचं जगणं आहे, उघडा चिखलच नसेल तर तुतवार उतरणार कुठे.

माळावरचा_पांथस्थ

सोलापूरहून. सगळे पाण्याबद्दल बोलताय, मी माळाबद्दल बोलतो. आमच्या नान्नजच्या बाजूला हिवाळ्यात संध्याकाळी भोवत्या ससाणे, हॅरियर म्हणतात ते, गवतात जमिनीवर झोपायला जमतात. त्यांच्यातले पॅलिड आणि माँटेग्यू कझाकस्तानच्या माळावर घरटी करतात, भारतात टॅग लावलेले पक्षी उन्हाळ्यात तिकडे गेल्याचं नकाशावर दिसलंय. आणि भोरड्या! ज्वारीवर धाड घालणाऱ्या भोरड्या, ज्यांच्यासाठी माळ्यावर बसून गोफण फिरवावी लागते, त्या पण त्या बाजूच्याच. तिकडे त्या टोळ खातात म्हणून लोक त्यांचं कौतुक करतात असं वाचलंय. आपल्याकडे येईपर्यंत शत्रू.

आपण मात्र माळाला पडीक म्हणतो आणि झाडं लावून टाकतो.

दूरचा_माळ

पांथस्थ, अगदी मनातलं बोललात. तिकडे पण हेच झालं. 1954 ला सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या काळात पडीक जमीन मोहीम निघाली, लाखो हेक्टर स्टेप नांगरून गहू पेरला. अस्तानाचं नावच तेव्हा बदलून त्सेलिनोग्राद केलं, म्हणजे कोऱ्या जमिनीचं शहर. पण ती जमीन कोरी नव्हतीच, तिथं सायगा होते, मार्मोट होते, कझाक मेंढपाळांचे कळप होते. कोर्गाल्झिनला 1968 ला कडक संरक्षण मिळालं म्हणून सरोवराभोवतीचा तुकडा न नांगरलेला राहिला.

आणि चराईबद्दल एक गोष्ट सांगायचीच आहे. तिथं टिटवीच्या भावकीतला एक पक्षी आहे, सोशिएबल लॅपविंग, जगातून संपत चाललाय, थंडीत त्यातले काही गुजरात-राजस्थानात येतात. त्याला घरट्यासाठी एकदम आखूड चरलेलं गवत लागतं. पूर्वी सायगा चरायचे. 1991 नंतर सामूहिक शेतं मोडली, लाखो मेंढ्या गेल्या, लांबच्या माळावर गवत कमरेएवढं वाढलं आणि हा पक्षी गावाजवळ आला, जिथं लोकांच्या गायी-मेंढ्या उरल्या होत्या तिथं. म्हणजे गाव आणि गुरं हटवली की निसर्ग वाचतो असं सरसकट म्हणता येत नाही, घरटी तुडवली जातात हेही खरं, पण गुरं नसतील तर घरटंच नाही. आमच्या घरात दोन पिढ्या मेंढरं होती, वनखात्याच्या चराईबंदीवरून वाद व्हायचे ते आठवलं. उत्तर सोपं नाही पण धनगराला विचारल्याशिवाय ते सापडणार नाही हे माझं ठाम मत आहे.

करागांदाची_आई

मुलीला धागा वाचायला दिला, आता ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मे मध्ये जायचं म्हणतायत. काही सांगाल का?

दूरचा_माळ

नक्की पाठवा ताई. मेचा दुसरा-तिसरा आठवडा चांगला. आधी अस्तानापर्यंत ट्रेनने, मग गाडी करून कोर्गाल्झिन गावात. तिथं अभयारण्याचं माहिती केंद्र आहे, परवानगी आणि सोबत माणूस तिथूनच घ्यायचा, स्वतःहून आत जायचं नाही. रात्री थंडी असते, जाड जाकीट हवं. बोरूजवळ डास भयंकर, पूर्ण बाह्यांचे कपडे. प्यायचं पाणी गावातूनच भरून घ्यायचं. दुर्बीण नसेल तर कुणाची तरी मागून न्या, तिच्याशिवाय रोहित म्हणजे नुसती रेघ.

आणि गमबूट न्यायला सांगा, पण ते घालून सुद्धा पांढऱ्या पापुद्र्यावर पाय ठेवायचा नाही, सोबतचा माणूस जिथून चालेल तिथूनच चालायचं.